दुसऱ्या मजल्यावरचा गोठा

माझ्या मोठ्या बहिणीच्या नळाला पाणी फक्त वीज गेल्यावर यायचं. हे वाचून कोणी माझ्या डोक्याविषयी शंका घेईल, म्हणून आधीच सांगतो की मी जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. कापसाचं वजन दुसऱ्यांदा घेतल्याशिवाय मी आकडा टाकत नाही. घरी बायकोने सांगितलेला दुधाचा हिशेबही स्वतः जुळवून पाहतो. त्याबद्दल तिचं मत चांगलं नाही, पण ते इथे नको.

आमचं गाव धाम नदीच्या काठाला. वर्धेपासून इतकं जवळ, की सोयरीक जुळवताना आम्ही वर्धेचेच म्हणवून घेतो. आणि इतकं लांब, की नगरपालिकेच्या पाण्याशी आमचा काही संबंध येत नाही. ग्रामपंचायतीची टाकी वर, रस्त्याच्या अंगाला आहे. तिथून गाव नदीकडे उतरत जातं. माझं घर वर, टाकीजवळच्या टेकाडावर. बहिणीचं सगळ्यात खाली. तिच्या अंगणातून नदी दिसते. समोर नदी आणि नळात हवा.

भाऊजी गेल्यापासून ती एकटीच राहते. मुलगा पुण्याला नोकरीत आहे. गेल्या हिवाळ्यात सेवाग्रामच्या दवाखान्यात तिचा गुडघा बदलला. गुडघा उत्तम बसला. डॉक्टरांनी सांगितलं, चाला-फिरा, पण भरलेली बादली उचलायची नाही. आता नळाला पाणी नाही आणि हातपंप गल्लीच्या टोकाला, तर बादली कोण उचलणार? मी. रोज सकाळी कामावर जायच्या आधी स्कूटरवर पायांजवळ दोन कॅन ठेवून मी उतारावरून तिच्याकडे पाणी नेत असे. ती कॅन माठात ओतायला लावायची आणि त्या वेळात माझ्याकडे बघायची नाही. चहा द्यायची, पण तोही भिंतीकडे बघत.

एक दिवस तिने स्पष्टच सांगितलं. "भाऊ, तू पानी आनतो, चांगली गोष्ट आहे. पन साऱ्या जिंदगीत मी कोनाच्या हाताकडे पाहून पानी पेली नाई. मले पानी नको आनू. मले नळ पाह्यजे."

मी म्हटलं, नळ तर आहेच. ती म्हणाली, "आहे ना. लाईन गेली का येते."

आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात आणि पाणी आलं म्हणजे नळ आला म्हणतात. त्यामुळे तिच्या वाक्याचा अर्थ होता, वीज गेली की पाणी येतं. मी हसलो. ती हसली नाही. मग मी सवयीप्रमाणे पडताळा घेतला. सकाळी नळाच्या वेळेला जेव्हा जेव्हा वीज गेली, तेव्हा तेव्हा तिचा नळ आधी घोड्यासारखा फुरफुरला, मग त्यातून पाणी आलं. वीज परतली की धार तुटली. एकदाही चुकलं नाही.

कारण साधं होतं. गावात वरपासून खालपर्यंत बहुतेक घरी टिल्लू होते. टिल्लू म्हणजे नळालाच जोडायची छोटी मोटर. ती पाइपातलं पाणी ओढून आपल्या घरात घेते. तो लावायला मनाई आहे, म्हणून लोक त्यावर गोणपाट टाकतात. सकाळी आमच्या गल्लीतून जाताना प्रत्येक घराच्या कोपऱ्यातलं एक गोणपाट गुणगुणत असायचं. वरच्या घरांनी ओढून घेतल्यावर खाली उरायची हवा. वीज गेली की सगळी गोणपाटं गप्प, आणि पाणी आपल्या पायाने उतरून माझ्या बहिणीकडे जायचं. माझ्याकडे टिल्लू नव्हता. टाकी शेजारीच असल्याने त्याची गरजही नव्हती, तेव्हा यात माझ्या सचोटीचा वाटा किती हे मला सांगता येणार नाही.

उन्हाळा लागता लागता पाण्यासाठी ग्रामसभा भरली, शाळेच्या व्हरांड्यात. माझी बहीण पहिल्यांदाच आली. काठी टेकत आली आणि पुढच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय सरळ लांब करून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पाय ओलांडूनच जावं लागत होतं. हे तिने मुद्दाम केलं असं माझं आजही मत आहे.

आमच्या सरपंच बाई तिशीतल्या, तोंडाने फटकळ. त्यांनी थोडक्यात सांगितलं की टाकीत पाणी चढवणारी मोटर जळायला आली आहे, खालचा पाइप जुना आहे, नळ सोडणाऱ्या माणसाचा पगार थकला आहे आणि पैसे नाहीत. यावर गावातले निवृत्त गुरुजी उठले. गुरुजी रोज संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चा पाहतात आणि सकाळी चौकात येऊन त्या पुन्हा घेतात. ते म्हणाले, या देशात श्रीमंत लोक कर भरत नाहीत हा खरा रोग आहे. श्रीमंतांवर कर वाढवा. शाळा, दवाखाने, पाणी, सगळं दुरुस्त होतं की नाही बघा. दिल्लीकडे कशाला बघायचं, आपल्या गावापासून सुरुवात करू. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्यावर कर बसवण्याच्या आनंदाला हिशेब लागत नाही.

मग माझ्या सवयीने घात केला. मी विचारलं, श्रीमंत म्हणजे कोण?

कोणी म्हणालं, चारचाकीवाले. लगेच मागून एक जण उठून म्हणाला, माझी जीप वर्षभर उभी आहे, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात, मी कसला श्रीमंत. कोणी म्हणालं, ज्याच्या घरी दोन कूलर तो श्रीमंत. पण आमच्याकडच्या मे महिन्यात कूलरला श्रीमंती म्हणणं म्हणजे छत्रीला दागिना म्हणणं. शिवाय बघता बघता अर्धा व्हरांडा श्रीमंत निघू लागला, तेव्हा ते मागे पडलं. मग भिंतीला टेकलेला एक जण म्हणाला, "पेन्शनवाले घ्या ना. बसल्या जागी येते त्याहिले." गुरुजी म्हणाले की ग्रामसभेत वैयक्तिक टीका नको.

आमच्या जिल्ह्याची यात एक खास अडचण आहे. इथल्या साध्या राहणीची इतकी ख्याती, की ती बघायला लांबलांबून बसगाड्या येतात. अशा ठिकाणी स्वतःला श्रीमंत म्हणवून घेणं म्हणजे चप्पल घालून देवळात शिरणं. आमचे श्रीमंतसुद्धा लग्नातलं जेवण जाहीर करताना 'साधंच केलं आहे' म्हणतात आणि मग सहा प्रकारचं गोड वाढतात.

शेवटी उपाय मीच सुचवला. मी म्हटलं, दोन मजली पक्कं घर ते संपन्न घर धरा आणि त्याला विशेष पाणीपट्टी दुप्पट लावा. गाडी वर्धेत उभी करता येते, पैसा बायकोच्या नावावर ठेवता येतो, मजला कुठे लपवणार? माझ्या स्वतःच्या घरावर कर्ज काढून चढवलेला मजला आहे, हे मीच आधी सांगून टाकलं. कोणीतरी सांगणारच होतं.

हे ठेकेदारांना आवडलं नाही. ठेकेदार म्हणजे तालुक्यातले निम्मे रस्ते बांधणारा आमच्याच गावचा माणूस. गावातलं सगळ्यात मोठं घर त्यांचं, टाकीखालच्याच गल्लीत. ते म्हणाले, "असं असन तं मी वर्धेले राह्यले जातो."

सरपंच बाई म्हणाल्या, "जा ना भाऊ. घर तेवढं इथं ठेवून जाजा."

श्रीमंतांवर कर लावला की ते पळून जातात, असं टीव्हीवरचे लोक म्हणतात असं गुरुजींनी नंतर मला सांगितलं. घरं पळत नाहीत, हा मुद्दा त्या चर्चेत आला होता का हे मात्र त्यांना आठवेना.

मग मी टिल्लूचा विषय काढला. एकदम सगळ्यांना व्हरांड्याच्या छताची काळजी वाटू लागली. जो तो वर बघत होता. टिल्लू? आपल्या गावात? कोणाकडेच नव्हता. तेव्हा माझ्या बहिणीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कोनाजवळच टिल्लू नाई ना? मंग सकाळी नळाच्या वेळेले घंटाभर लाईन बंद ठेवली, तं कोनाचं काय बिघडते?"

हरकत घ्यायची तर आधी टिल्लू कबूल करावा लागत होता. दोन्ही ठराव एका दमात मंजूर झाले आणि लाईनमननेही महिनाभर करून पाहू म्हटलं.

पहिल्या सकाळी मी कॅन घेऊन गेलो तेव्हा ती नळापुढे स्टूल टाकून बसलेली होती. नळ फुरफुरला, थोडं तांबडं पाणी ओकला आणि मग अंगठ्याएवढी धार लागली. तिने भांडं लावलं नाही. आधी नुसता हात धरला धारेखाली. मग माठ, हंडे, पातेली, डब्यांची झाकणंसुद्धा भरली. माझ्या कॅनकडे बघून म्हणाली, परत ने, कोणाला तरी दे. मी ते पाणी पुन्हा चढावरून घरी आणलं.

हा आनंद थोडेच दिवस टिकला. खालचा पाइप जुन्या लोखंडाचा. इतक्या वर्षांत त्याला पाण्याचा जोर कधी माहीतच नव्हता. एका सकाळी तो तिच्या घराअलीकडच्या वळणावर फुटला. रस्त्यावर कारंजं उडालं. म्हशी खूश झाल्या. नळ सोडणाऱ्याने खालच्या भागाचा वॉल्व्ह बंद केला, आणि आता लाईन असो की नसो, माझ्या बहिणीच्या आणि तिच्या शेजारच्या घरांच्या नळांना काहीच येईना. कॅन पुन्हा स्कूटरवर चढले. ती पुन्हा भिंतीकडे बघून चहा देऊ लागली.

सरपंच बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, नवा पाइप टाकते, पण विशेष पट्टी गोळा झाल्यावर. आधी संपन्न घरं मोजा. तेव्हा माझ्या बहिणीचा नळ आता आमच्या गावात श्रीमंत सापडतात की नाही यावर अडकला होता.

मोजणीला आम्ही तिघं निघालो, सरपंच बाई, गुरुजी आणि टेप घेऊन मी. रस्त्यावर उभं राहून दोन मजली घरं लहान पोरानेही मोजली असती. आत गेल्यावर ती एकेक करून नाहीशी होऊ लागली. पहिल्या घराच्या गच्चीवर लोखंडी सळया उभ्या होत्या. मालक म्हणाला, बांधकाम अपूर्ण आहे, बघा सळया. त्या अपूर्ण बांधकामात पडदे होते, टीव्ही होता आणि पाळण्यात एक बाळ झोपलेलं होतं. ठरावात 'राहण्याचा पूर्ण मजला' असे शब्द होते आणि पूर्ण हा शब्द मीच घातला होता, स्पष्टतेसाठी. दुसऱ्या घरी सांगण्यात आलं की ही खोली नव्हे, जिन्यावर पाऊस येऊ नये म्हणून केलेलं झाकण आहे. झाकणात पलंग होता. तिसऱ्याने वरच्या हॉलमध्ये पंख्याखाली कडब्याच्या पेंढ्या पसरल्या होत्या. म्हणाला, आम्ही इथं कडबा ठेवतो. पेंढ्यांखाली गालिचा होता, तो घाईत काढायचा राहिला असावा.

संध्याकाळपर्यंत मोजलेल्या घरांत एकच श्रीमंत उरला. तो मी.

घरी सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. "आपन श्रीमंत झालो," ती म्हणाली, "आन मले दुसऱ्याकडून कळते." शेजारणीने तिला माझ्याआधीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत दुप्पट पट्टी भरून आलो. नळ सोडणारा तिथेच उभा होता. त्याने मला वाकून नमस्कार केला. तो आदर नव्हता.

ठेकेदारांचं घर मुद्दामच शेवटी ठेवलं होतं, तिथे आम्ही त्याच दिवशी गेलो. ते दारातच उभे होते. म्हणाले, "या. वरती गोठा आहे."

गुरुजींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "दुसऱ्या मजल्यावर?"

"हवा चांगली राह्यते ना जनावराले."

आम्ही वर गेलो. चकचकीत टाईल्स, भिंतीवर धबधब्याचं चित्र, अजून प्लॅस्टिक न काढलेला सोफा, आणि मधोमध खिडकीच्या गजाला बांधलेली म्हशीची वगार. साताठ महिन्यांची असेल. पुढ्यात हिरवा चारा. तिने आमच्याकडे असं पाहिलं, जसा दिवाणखान्यात बसवून पाणीही न विचारलेला पाहुणा बघतो. गुरुजी वाकून टाईल्सवर बघू लागले. शेण ताजं होतं. शेवटी म्हणाले, शेण आहे म्हणजे गोठा म्हणावं लागेल. आणि त्यांनी गोठा लिहिलं. मजला लपवता येत नाही हे माझं मत त्या सोफ्यासमोर निकालात निघालं.

गोष्ट इथे संपली असती, पण वगार खाली येईना.

जनावर जिना चढतं. उतरायला मात्र राजी होत नाही. पुढचे पाय खालच्या पायरीवर ठेवायची वेळ आली की ते मागचे पाय रोवून उभं राहतं. आमची पाठ फिरताच ठेकेदारांनी तिला ओढून पाहिलं, मागून ढकलून पाहिलं, गुळाचा खडा दाखवून पाहिला. तिने गूळ खाल्ला आणि परत सोफ्याकडे गेली. पहिल्या दिवशी ठेकेदार हसत होते. दुसऱ्या दिवशी हसत नव्हते. वगारीची आई खाली अंगणात हंबरायची, वगार गॅलरीतून उत्तर द्यायची, आणि वगार समोर नाही म्हणून म्हैस दूध चोरायची. गावाला दुसरं काम नव्हतं. येणारा-जाणारा फाटकापाशी थांबून विचारायचा, "काऊन भाऊ, वरच्या मजल्याचं भाडं म्हशीकडून घेऊन राह्यले का?"

सगळ्यात जास्त हाल ठेकेदारांच्या बायकोचे. त्यांच्या बोअरने उन्हाळ्यात धाप टाकली होती. नळाच्या वेळेला लाईन बंद, म्हणून गोणपाटाखालचा टिल्लूही बंद. वरच्या टाकीत थेंब नाही. वगार मात्र बादल्याच्या बादल्या प्यायची. बाई खालून भरलेली बादली वर न्यायच्या आणि वरून शेणाची टोपली खाली आणायच्या. नोकर ठेवला होता, पण त्याने दुसऱ्या मजल्यावरच्या जनावराचे जादा पैसे मागितले आणि ठेकेदारांनी त्याला हाकलला.

अशीच एक सकाळ. सरपंच बाईंनी ठेकेदारांना पुन्हा विचारून पाहायचं ठरवलं, म्हणून आम्ही तिघं त्यांच्या अंगणात उभे होतो. फाटकापाशी नेहमीची गर्दी होती. ठेकेदारांच्या बायको शेणाची टोपली घेऊन जिना उतरल्या. टोपली त्यांनी उकिरड्यावर नेली नाही. नवऱ्याच्या बुटांपुढे ठेवली आणि सरपंच बाईंकडे वळल्या.

"बाई, लिहा. वरती गोठा नाई. मजला आहे, टाईल्सवाला. आमी श्रीमंत आहो."

ठेकेदार म्हणाले, "अवं, चूप ना."

"तुमी चूप राहा. पायऱ्या चढून-उतरून मराले टेकली मी. पट्टी भरा, नाई तं आजपासून शेन तुमी उचला."

मी या जिल्ह्यात जन्मलो, इथेच वाढलो, इथेच माझे केस पांढरे झाले. आम्ही श्रीमंत आहोत असं स्वतःच्या तोंडाने म्हणणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फाटकापाशी कोणी हसलं नाही. गुरुजींनी गोठा खोडून मजला लिहिलं. ठेकेदार म्हणाले, किती होते ते सांगा.

वगार उतरवायला चौघे लागले. निळ्या फुलांची डबल बेडची चादर तिच्या पोटाखालून घेतली आणि झोळी करून तिला जिन्यावरून आणली. तोंड बाहेर काढून ती सगळीकडे बघत होती, पालखीतून वरात निघाल्यासारखी. खाली टेकताच आईने तिला चाटायला घेतलं. त्या संध्याकाळी म्हशीने दूध दिलं, असं ठेकेदारांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं.

यानंतर गावातल्या बऱ्याच हॉलमधून कडबा बाहेर पडला. बायकांनीच काढला, कोणाच्या घरी शेण उचलण्यावरून काय बोलणी झाली, ते मला माहीत नाही. तरीही सगळे पट्टी भरायला आले नाहीत. सळया अजून उभ्या आहेत आणि त्या अपूर्ण बांधकामातलं बाळ आता चालायला लागलं आहे.

जमलेल्या पैशाचा हिशेब मी सरपंच बाईंना करून दिला. खालच्या भागाचा नवा पाइप निघत होता. नळ सोडणाऱ्याचा थकलेला पगार जवळजवळ निघत होता. मोटर निघत नव्हती. मी गुरुजींना म्हटलं, प्रत्येक दुमजली घराने भरलं असतं तर मोटरही दुरुस्त झाली असती, पण पुढेमागे नवी टाकी बांधायची वेळ येईल, ती काही आपल्या गावच्या श्रीमंतांच्या आवाक्यातली नाही. गुरुजींचा चेहरा उजळला. म्हणाले, म्हणूनच तर मी म्हणतो, वरच्या, खऱ्या श्रीमंतांवर कर लावायला पाहिजे.

मी म्हटलं, "गुरुजी, एका मजल्यासाठी इथे एक वगार निघाली. त्यांचे मजले किती आणि वगारी किती, याचा काही अंदाज?"

ते म्हणाले, तुझा स्वभावच नकारात्मक आहे. तसं नाही. मला विचाराल तर श्रीमंतांकडून जास्त घ्यावं, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. त्या पैशाशिवाय पाइप आला नसता. पण सकाळची लाईन चालू ठेवून नुसता पैसा ओतला असता, तर त्या नव्या पाइपातून टिल्लूंनी आणखी मजेत पाणी ओढलं असतं, हेही मला दिसतं. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात बसतात. टीव्हीवर त्या बसत नाहीत, कारण तिथे एका बाजूला एकच माणूस बसवतात.

एक जमा मात्र माझ्या हिशेबात नव्हती. बोअर झाल्यापासून ठेकेदारांनी गावच्या पाण्याची कधी चौकशी केली नव्हती. आता दुप्पट पट्टी भरल्यावर ते रोज सकाळी तोंडात ब्रश घालून वॉल्व्हपाशी उभे राहू लागले. नळ पाच मिनिटं उशिरा सुटला की फेस उडवत विचारायचे, मी काय फुकट भरतो का? नळ सोडणारा मला म्हणाला की हा माणूस गरीब होता तेव्हाच बरा होता. नव्या पाइपासाठी नाली खणली, तेव्हा ती वरवर खणली आहे हे ठेकेदारांनी लांबूनच ओळखलं. कमी खोदून पूर्ण खोलीचं बिल कसं काढतात, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. समोर उभं राहून त्यांनी ती कमरेपर्यंत खणून घेतली. आमच्या गावात इतकं चांगलं सरकारी काम मी पाहिलेलं नाही.

पाइप पडला. माझ्या बहिणीचा नळ आला. लाईन बंद असली की येतो, पण आता ती रोज सकाळी ठरलेल्या वेळेला बंदच असते. महिन्याची मुदत कधी संपली हे लाईनमन विसरला आणि कोणी त्याला आठवणही केली नाही.

पुढच्या ग्रामसभेत ठेकेदार उठले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, दुप्पट पट्टी भरतो तर दुप्पट पाणी पाहिजे. वरच्या भागाला नळ दुप्पट वेळ सोडा, खालच्या भागाचा वॉल्व्ह लवकर बंद करा. भरणाऱ्यांच्या माना हलल्या. मला काळजी वाटली, कारण सभेत दुप्पट भरणारेच पुढे बसले होते, आणि त्यांच्यात मीही होतो.

बहिणीचा पाय नेहमीप्रमाणे वाटेत होता. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "भाऊ, मी तुमच्या अर्धी पट्टी भरतो. तं मले काय अर्धीच तहान लागते?"

ठेकेदार म्हणाले, "तसं नाई ताई, हिशेबाची गोष्ट आहे."

"हिशेबच सांगून राह्यली ना. तुमची वगार तं एक पैसा नोती भरत. तिनं किती पेलं, वैनीले विचारा."

ठेकेदारांच्या बायको बायकांच्या रांगेत होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलताना सगळ्यांना दिसले. विषय तिथेच संपला.

आता माझं सांगतो. नवा पाइप जुन्याहून रुंद आहे आणि पाणी उतारानेच जातं. खालच्या घरांना भरपूर मिळायला लागल्यापासून माझ्या टेकाडावरच्या नळाला करंगळीएवढी धार उरली आहे. ती माठ भरायच्या आत थांबते. बायको म्हणते, टिल्लू बसवा. मी म्हणतो, वीज बंद असते, बसवून काय उपयोग? ती म्हणते, हे तुमचं तत्त्व झालं की अडचण झाली?

तर रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी तेच दोन कॅन स्कूटरवर पायांजवळ ठेवतो. उतारावरून रिकामे नेतो, चढावरून भरून आणतो. बहीण नळापुढे स्टूलावर बसलेली असते, बदललेला पाय सरळ लांब. कॅन मला उचलू देते, पण धारेखाली तो तीच धरते. भरेपर्यंत माझ्याकडे बघत असते, डोळ्याला डोळा लावून.

"दुप्पट भरतो ना तू?" काल तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

तिने झाकण घट्ट लावलं आणि कॅन माझ्याकडे सरकवला. "उद्या लवकर येजो. लाईन आली का नळ जाते."